अँटिबॉडी निगेटिव्ह आली म्हणजे मुलाची प्रतिकारशक्ती कमी असते का?

तासगाव तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. मे २०२१ मध्ये त्यांच्या घरात सगळ्यांनाच कोरोना झाला. सासूबाई मिरजेत बारा दिवस ऑक्सिजनवर होत्या, नवऱ्याला पुढे महिनाभर जिना चढताना दम लागायचा. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. त्याला एक रात्र ताप आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो अंगणात खेळत होता. जूनमध्ये घरातल्या सगळ्यांच्या अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला रक्तात तयार होणारी प्रथिनं, तपासल्या. मोठ्यांच्या पॉझिटिव्ह आल्या, मुलाची निगेटिव्ह. ‘याच्या अंगात ताकद तयारच झाली नाही’ असं तेव्हा कुणीतरी सांगितलं आणि ते वाक्य आईच्या मनात रुतून बसलं. तो कागद अजून फाईलमध्ये आहे. आता मुलगा सात वर्षांचा आहे. शाळेत जायला लागल्यापासून दर महिन्याला सर्दी-खोकला असतो, आणि घरात प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या टॉनिकच्या बाटल्या साठल्या आहेत. यंदा पुन्हा कोरोनाच्या बातम्या सुरू झाल्या. घरात नऊ महिन्यांची धाकटी मुलगीही आहे. त्या विचारतात: मुलाची शक्ती खरंच कमी आहे का? पुन्हा कोरोना झाला तर काय बघायचं? काढा दिवसातून चार वेळा दिला तर चालेल का?

ताई, मूळ प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. त्या रिपोर्टवरून तुमच्या मुलाची शक्ती कमी ठरत नाही. एका रात्रीत ताप उतरला आणि पोरगं अंगणात गेलं, म्हणजे त्याच्या शरीराने काम वेळेत उरकलं. चार वर्षं तुम्ही ही काळजी वाहिलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सांगलीत लहान मुलांची डॉक्टर आहे, सव्वीस वर्षं झाली. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात सौदीहून परतलेल्या एकाच घरातल्या चौघांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले आणि बघता बघता त्या गोतावळ्यातला आकडा पंचविसाच्या आसपास गेला. सगळा जिल्हा हादरला होता. आम्हा मुलांच्या डॉक्टरांची भीती वेगळीच होती. श्वासाचा कुठलाही आजार आला की दोन टोकं आधी सापडतात, तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं. फ्लूचं तसंच आहे, न्यूमोनियाचं तसंच. म्हणून आम्ही लहान मापाचे मास्क, लहान नळ्या, सलाईनचे लहान सेट गोळा करून बसलो. मोठ्यांचे वॉर्ड ओसंडून वाहिले. आमच्याकडे त्या मानाने फारच थोडी मुलं आली.

तेव्हा लोक म्हणू लागले की मुलांना कोरोना होतच नाही. तेही खरं नव्हतं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, देशभर रक्तातल्या अँटिबॉडी शोधणारी जी सिरो सर्वेक्षणं केली, त्यात महाराष्ट्रातले जे सहा जिल्हे होते त्यांत आपला सांगली जिल्हा होता. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत देशात सगळ्या वयांचे मिळून ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या. ६ ते ९ वर्षांच्या मुलांत त्या ५७.२ टक्के होत्या, १० ते १७ वयात ६१.६ टक्के. शाळा बंद, मुलं घरात, लहानांना लस नाही, तरीही अर्ध्याहून जास्त मुलांना विषाणू गाठून गेला होता, आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरी ते कळलंसुद्धा नव्हतं. विषाणू मोठ्यांच्या बरोबरीने पोरांनाही भेटला. पोरांच्या अंगात त्याचं पुढे काय झालं, ते वेगळं आहे.

आधी लक्षणांचं. एक-दोन दिवस ताप, नाक गळणं, घसा धरणं, कोरडा खोकला, थोडी मरगळ. बऱ्याच मुलांना नुसत्या उलट्या-जुलाब झाले आणि घरच्यांनी ‘बाहेरचं काहीतरी खाल्लं’ म्हणून सोडून दिलं. वास जाणं मोठ्या मुलांनी सांगितलं. लहानांना ते सांगताच येत नाही. एका आईने मला सांगितलं होतं की लेक तीन दिवस आवडीच्या वरणभाताला तोंड लावेना, ‘पुठ्ठ्यासारखं लागतंय’ म्हणायची. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला तेव्हा चित्र थोडं पालटलं. ताप जास्त चढायचा, तापात झटके आलेली मुलं आली, आणि रात्री अचानक भुंकल्यासारखा खोकला, श्वास आत घेताना घशातून आवाज, अशी मुलं जास्त येऊ लागली, कारण तो विषाणू छातीपेक्षा घसा-नाक जास्त धरत होता. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही लहान मुलांत तापासोबत डोळे चिकटण्याची तक्रार दिसली. नऊ-दहा दिवसांच्या वर कुरकुर राहिलेली मुलं थोडीच. काहींना थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं हे महिना-दोन महिने रेंगाळलं, तेही बहुतेकांत आपोआप गेलं.

आता मुलांनी हा विषाणू इतक्या सहज कसा झटकला, ते सांगते. तुमच्या रिपोर्टचं उत्तरही त्यातच आहे.

मे २०२० मध्ये न्यूयॉर्कहून एक खुलासा आला. विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या दारातून, आणि लहान मुलांच्या नाकात ही दारं कमी असतात. सोपं उत्तर होतं, आम्हा सगळ्यांना ते लगेच पटलं. पण पुढे दिसलं की मुलांच्या नाकातही विषाणू मोठ्यांइतकाच सापडू शकतो. दारं कमी असतील, पण आत येणारा येतच होता. तेव्हा नुसत्या दारांवर सगळं टाकता येत नाही.

जास्त पटणारं उत्तर २०२१ मध्ये बर्लिनहून आलं. तिथल्या संशोधकांनी मुलांच्या आणि मोठ्यांच्या नाकातल्या पेशी एकेक करून तपासल्या. पूर्वी आपल्याकडे प्रत्येक गावाला जागल्या असायचा. रात्रभर फिरायचा, परका माणूस वेशीत दिसला की आरोळी ठोकायचा. पेशीच्या आतही असे जागले असतात. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय धागा, दिसला की ते इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडायला लावतात, ती त्यांची आरोळी. ती ऐकून शेजारच्या पेशी दारं-खिडक्या लावून घेतात, विषाणूला आत वाढू देत नाहीत. बर्लिनच्या अभ्यासात दिसलं की मुलांच्या नाकात हे जागले विषाणू येण्याच्या आधीपासूनच मोठ्या संख्येने, कंबर कसून उभे असतात. मोठ्यांच्या नाकात ते तितके तयार नसतात. आरोळी उशिरा पडते, तोवर चोर गावभर पसरलेला असतो. मग सगळं गाव काठ्या घेऊन बाहेर पडतं आणि अंधारात चोराबरोबर आपल्याच लोकांनाही मार बसतो. तुमच्या सासूबाईंच्या फुप्फुसात आठव्या-नवव्या दिवशी झालं ते साधारण हेच. म्हाताऱ्या माणसांपैकी काहींच्या रक्तात तर या इंटरफेरॉनलाच निकामी करणाऱ्या अँटिबॉडी असतात, म्हणजे आरोळी पडली तरी ऐकू जात नाही. वयाबरोबर हे प्रमाण वाढतं.

मुलांचे जागले इतके जागे का असतात? त्यांना सतत काही ना काही सर्दी-पडसं होत असतं, हे एक कारण असावं असं मला वाटतं. नेहमीच्या सर्दीचे चार कोरोना विषाणूही वर्षानुवर्षं आपल्यात फिरत आहेत, आणि मुलांची त्यांच्याशी ओळख ताजी असते. बीसीजीच्या लशीमुळे भारतातली मुलं वाचली असंही तेव्हा फार ऐकू यायचं. त्याला पुढे म्हणावा तसा आधार मिळाला नाही. आणि ओमायक्रॉनच्या बाबतीत हेही दिसलं की मुलांच्या नाकातल्या पेशींत आधीचा विषाणू नीट वाढत नव्हता, हा मात्र मोठ्यांइतकाच वाढतो. म्हणजे जागल्याला चुकवायला तो थोडा शिकला. ओमायक्रॉनच्या वेळी मुलं जास्त का तापली, त्याचा थोडा उलगडा इथे होतो.

आता तुमच्या फाईलमधला कागद.

अँटिबॉडी तयार करणं हे काम दुसऱ्या फळीचं. पहिली फळी, म्हणजे नाकातले जागले, कमी पडली किंवा लढाई लांबली की विषाणूचे तुकडे मोठ्या प्रमाणात लसिका ग्रंथींपर्यंत पोचतात आणि तिथे अँटिबॉडीचा कारखाना जोरात सुरू होतो. लढाई वेशीवरच आटोपली तर कारखान्याला मालच कमी जातो. मेलबर्नमध्ये सौम्य आजार झालेल्या मुलांची आणि मोठ्यांची तुलना झाली. दोघांच्या नाकात विषाणू साधारण सारखाच होता. मोठ्यांपैकी ७६ टक्क्यांच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या, मुलांपैकी फक्त ३७ टक्क्यांच्या. म्हणजे सौम्य कोरोना होऊन गेलेल्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ दोघांचा रिपोर्ट तुमच्या मुलासारखाच आला असता. ती मुलं दुबळी नव्हती.

दुसरी गोष्ट किटची. काही किट विषाणूच्या बाहेरच्या काट्याविरुद्धच्या, म्हणजे स्पाईकविरुद्धच्या अँटिबॉडी शोधतात. काही किट आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धच्या शोधतात. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात दिसलं की मोठ्यांत दोन्ही प्रकारच्या तयार होतात, मुलांत मुख्यतः स्पाईकच्याच. आतलं प्रथिन बाहेर सांडतं ते पेशी मोठ्या प्रमाणात फुटल्या की; मुलांत तेवढी पडझडच होत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. तेव्हा किट दुसऱ्या प्रकारचं असेल तर मुलाच्या रक्तात सैन्य असूनही रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो. तुमच्या रिपोर्टवर बारीक अक्षरांत तपासणीची पद्धत लिहिलेली असेल, कधीतरी येताना घेऊन या, मी बघते.

तिसरी गोष्ट टी-पेशींची. या पेशी विषाणू शिरलेली आपलीच पेशी ओळखून तिला संपवतात आणि ओळख लक्षात ठेवतात. साध्या लॅबमध्ये त्या मोजता येत नाहीत. ब्रिटनमध्ये ३ ते ११ वर्षांच्या शाळकरी मुलांत मोजल्या, तर स्पाईकविरुद्धचा टी-पेशींचा प्रतिसाद मोठ्यांच्या दुपटीहून जास्त सापडला. ज्या मुलांच्या अँटिबॉडी निगेटिव्ह होत्या त्यांच्यातल्याही अनेकांत तो होता. आणि मेलबर्नमधलंच एक घर मला फार आवडतं. आई-वडील लग्नाला जाऊन कोरोना घेऊन आले. तीन मुलं. त्यांच्या नाकाचा नमुना पुन्हा पुन्हा तपासला, पीसीआर दर वेळी निगेटिव्ह. धाकटं तर आजारी आई-वडिलांच्याच अंथरुणात झोपत होतं. पण तिन्ही मुलांच्या शरीरात विषाणूविरुद्ध प्रतिसाद सापडला. विषाणू आला होता, पोरांनी त्याला यंत्राला दिसण्याआधीच घालवला. तुमच्या अंगणातलं मूल मला याच मुलांच्या जातकुळीचं दिसतं.

म्हणून कोरोनानंतर मुलाची ‘ताकद’ बघायला अँटिबॉडी तपासू नका. मी ही तपासणी मुलांत फक्त एका प्रसंगी करते, आणि तो प्रसंग कोणता ते सांगताना मला ऑक्टोबर २०२० मधली एक मुलगी आठवते.

नऊ वर्षांची, मिरज तालुक्यातली. चार दिवस ताप, पोटात दुखतंय, दोन-तीन वेळा जुलाब. एका ठिकाणी अपेंडिक्सची शंका घेऊन सोनोग्राफी झाली होती. त्यात आतड्याजवळच्या गाठी सुजलेल्या आणि पोटात थोडं पाणी. प्लेटलेट पेशी एक लाख दहा हजार. दिवस डेंग्यूचे होते. मी तिला डेंग्यू समजून सलाईन लावलं. डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी एक रात्र मी तोच विचार धरून बसले. सकाळी राऊंडला तिचा हात हातात घेतला तर तापाने कपाळ भाजत होतं आणि बोटं गार होती. डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत. ओठ तडकलेले, लालबुंद. नाडी दीडशेच्या वर, रक्तदाब खाली घसरलेला. मी तिच्या आईला पुन्हा विचारलं, घरात कुणाला ताप येऊन गेला का? आधी ‘नाही’ म्हणाली. मग आठवून म्हणाली, अनंत चतुर्दशीच्या सुमाराला हिच्या वडिलांना दोन दिवस कणकण होती, वास गेला होता, पण तपासणी केली नव्हती. म्हणजे पाच आठवडे झाले होते. पोरीला तेव्हा काहीही झालं नव्हतं.

तिची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तर हृदयाचं पंपिंग चाळीस टक्के. हा एमआयएस-सी नावाचा आजार. कोरोना होऊन गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी, विषाणू शरीरातून गेलेला असताना, प्रतिकारशक्तीच शरीरावर उठते. रक्तवाहिन्या, हृदय, आतडी, कातडी, सगळीकडे सूज. पहिल्यांदा हे ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी एप्रिल २०२० मध्ये ओळखलं. १९६७ मध्ये जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी वर्णन केलेल्या आजाराशी याचं बरंच साम्य आहे. पण कावासाकी बहुधा पाच वर्षांखालच्या मुलांना होतो, आणि हा आठ-नऊ वर्षांच्या धडधाकट, आधी कधी दवाखान्याचं तोंड न पाहिलेल्या मुलांना जास्त झाला. हा आजार मुळात का होतो, याचा थोडा उलगडा २०२४ मध्ये झाला. अशा सुमारे एक तृतीयांश मुलांत विषाणूच्या आतल्या प्रथिनाचा एक तुकडा आणि आपल्याच पेशीतलं एसएनएक्स-८ नावाचं प्रथिन यांत शरीराची गल्लत झालेली दिसली. चोराचा चेहरा घरातल्या माणसासारखा निघाला.

त्या मुलीला वजनामागे किलोला दोन ग्रॅम या हिशोबाने इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींचं औषध, द्यायचं होतं. २४ किलोची मुलगी, म्हणजे ४८ ग्रॅम. पाच-पाच ग्रॅमच्या बाटल्या गोळा करता करता रात्र झाली, खर्च लाखाच्या घरात. सोबत स्टेरॉइड. दुसऱ्या रात्री ताप उतरला, तिसऱ्या दिवशी तिने भाकरी मागितली. दोन महिन्यांनी केलेल्या इकोत हृदय पूर्ववत होतं. २०२१ मध्ये अनेक देशांतल्या अशा मुलांचा एकत्र अभ्यास आला आणि त्यात नुसतं स्टेरॉइड दिलेली मुलंही साधारण तेवढीच बरी झालेली दिसली. इम्युनोग्लोब्युलिन ज्यांना झेपत नव्हतं त्या घरांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. पण आजार वेळेत ओळखला तरच हे सगळं. मी जी एक रात्र घालवली, ती मला अजून बोचते. तेव्हापासून तापाच्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर मी ‘सहा आठवड्यांत घरात कुणाला ताप?’ हा प्रश्न लिहिते.

घाबरून जाऊ नका, हे क्वचितच होतं. ओमायक्रॉनच्या आधी अमेरिकेत केलेल्या मोजणीत साधारण तीन हजार संसर्गांमागे एक असं प्रमाण होतं, आणि ओमायक्रॉननंतर ते खूप खाली आलं. तरी तुम्ही विचारलंत कशावर लक्ष ठेवायचं, म्हणून सांगते: घरात कुणालाही कोरोना झाला, किंवा तशी दाट शंका आली, तर ती तारीख कॅलेंडरवर लिहा. त्यापुढच्या सहा आठवड्यांत मुलाला तीन दिवसांच्या वर ताप राहिला आणि सोबत पोटदुखी-उलट्या, अंगावर पुरळ, लाल डोळे, लाल ओठ-जीभ, हातापायांना सूज यातलं काहीही असलं, तर ‘टायफॉईड असेल, पाच दिवस इंजेक्शनं घेऊ’ असं करू नका. मुलांच्या डॉक्टरकडे जा आणि तारीख सांगा. हातपाय गार आणि मूल मलूल असेल तर त्याच तासाला निघा. आम्हाला निम्मं निदान त्या एका तारखेवरून होतं.

आणि प्रत्यक्ष कोरोनाच्या त्या चार दिवसांत? साधं वागायचं. पाणी, पेज, सरबत, जे घेईल ते. तापाला पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशोबाने, किलोला दहा ते पंधरा मिलीग्रॅम. तुमचा मुलगा वीस किलोचा असेल तर एका वेळी दोनशे ते तीनशे मिलीग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसात चार वेळांच्या वर नाही. सिरपच्या बाटल्या १२० च्याही असतात आणि २५० च्याही, म्हणून ‘एक चमचा’ असा हिशोब कधीच करू नका, बाटलीवरचा आकडा बघा. ॲस्पिरिन मनाने अजिबात नाही. आणि स्टेरॉइड नाही. २०२१ मध्ये दुसऱ्या दिवशीच स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केलेली, सीटी स्कॅन काढून आणलेली मुलं माझ्याकडे आली, आणि मला फार वाईट वाटायचं. जून २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट सांगितलं होतं: सौम्य आजारात मुलांना स्टेरॉइड द्यायचं नाही, अठराच्या आतल्यांना रेमडेसिविरची शिफारस नाही, सीटी सरसकट नाही. वेशीवर जागले नीट राखण करताहेत, तेव्हाच आपण औषधाने त्यांना झोपवायचं, असं ते होतं. एमआयएस-सीत तेच स्टेरॉइड जीव वाचवतं, कारण तिथे काठ्या आवरायच्या असतात.

श्वास मात्र मोजायला शिका. जुलै २०२१ मध्ये कोरोनाची लाट अजून ओसरली नव्हती आणि कृष्णेला पूर आला. शाळेत हलवलेल्या माणसांत मुलं एकमेकांना चिकटून झोपलेली असायची, ऑक्सिमीटर दोनच होते, त्यातला एक लहान बोटात बसायचा नाही. तेव्हा आम्ही आयांना हेच शिकवलं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगावरचा कपडा वर करून पोटाची हालचाल बघा आणि मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावून मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांत चुकतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, आणि त्याहून मोठ्या मुलाचा ३० च्या वर असेल, तर दवाखाना. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील, सहा-आठ तास लघवी नसेल, अंगावरचं किंवा वरचं दूधपाणी पूर्ण तोडलं असेल, तर आकडा काहीही असो, निघा. हृदयाचा जन्मजात दोष, कॅन्सरचे उपचार, डाउन सिंड्रोम, मधुमेह किंवा फार लठ्ठपणा असलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी दाखवा. त्यांच्या बाबतीत ‘मुलांना सौम्यच जातो’ हे गृहीत धरू नका.

दर महिन्याच्या सर्दीचं थोडक्यात. शाळेत पहिली दोन-तीन वर्षं, वर्षाला सहा ते आठ सर्द्या, हे धडधाकट मुलाचं लक्षण आहे. तुमच्या मुलाचं खेळगट-बालवाडीचं वय घरात गेलं, ज्या विषाणूंची ओळख तेव्हा व्हायची ती पुढे एकदम झाली. वजन-उंची वाढते आहे का, दोन सर्द्यांच्या मध्ये तो ठणठणीत असतो का, एवढं बघा. वर्षात दोनदा न्यूमोनिया, पुन्हा पुन्हा पू होणारी गळवं, कानातून सारखा पू, वजन थांबलेलं, असं असेल तर प्रतिकारशक्तीची खरी तपासणी करू. ते नसेल तर टॉनिकवरचे पैसे अंडी, शेंगदाणे, डाळ आणि फळांवर खर्च करा. तासगावात राहून बेदाणे विकत आणायचीही गरज नाही तुम्हाला.

काढा चार वेळा नको. आपल्या सांगलीची हळद मोठी गुणाची, रात्री दुधात चिमूटभर घाला, कुणाची हरकत नाही. पण मिरी-सुंठ-दालचिनी उकळून दिवसातून चार वेळा पाजलेलं एक पाच वर्षांचं मूल माझ्याकडे पोट धरून, उलट्या करत आलं होतं. साधी जळजळ होती. पण कोरोना होऊन तीन आठवडे झाले होते, आणि एमआयएस-सी नाही ना, हे ठरवायला त्याला चार वेळा सुई टोचावी लागली.

मुलाला यंदा फ्लूची लस देता येईल, दर वर्षी पावसाळ्याच्या आधी दिलेली चांगली. अजून दिली नसेल तर आताही द्या. धाकटीला घरात कुणी आजारी असलं तरी अंगावरचं दूध तोडू नका, तुम्ही स्वतः आजारी असलात तरी मास्क लावून, हात धुऊन पाजा, तुमच्या अँटिबॉडी तिला त्यातूनच मिळतात. तिला मास्क घालू नका. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तो लावायचाच नसतो. आणि ती नऊ महिन्यांची झाली आहे, म्हणजे गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि ‘अ’ जीवनसत्त्व आता द्यायचं आहे. किरकोळ सर्दी असली तरी ते देता येतं. आशाताईंना विचारून या आठवड्यातल्या लसीकरणाच्या दिवशी तिला उपकेंद्रात घेऊन जा.